अकरा बेचाळीसचं ‘आता’

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. मी शाळेत गणित शिकवायचे. घड्याळ बघायचं, लिहून ठेवायचं, मोकळं व्हायचं. तेव्हा लिहिलेलं आहे तेवढंच सांगते.

नव्वदच्या दशकातला डिसेंबर. आम्ही बनारसला, बालाजी घाटाजवळ राहायचो. माझे धाकटे दीर, शरदभाऊजी, तिथेच पीएच.डी. करत होते. विषय — मोठ्या पंख्यातला हवेचा प्रवाह कधी बिघडणार हे आधी ओळखणं. हवा बाहेर पडायची वाट बंद करत नेली, की एका क्षणी आतली हवा उलटी उसळते, सगळं यंत्र हादरतं, पातीसुद्धा तुटतात. त्याच्या काही सेकंद आधी सेन्सरला खूण मिळावी, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांना स्वतःला ती कळायची! पंख्याच्या कवचावर तळवा टेकवून "आता" म्हणायचे... आणि पंखा धडधडायचा.

"मग सेन्सर कशाला? तुम्हीच बसा हात लावून," मी चिडवायचे.

"प्रत्येक कारखान्याला एकेक दीर कुठून देणार, वहिनी?"

मग भाऊजींना कावीळ झाली आणि लिव्हरच गेलं. सेन्सरची शेवटची टेस्ट त्यांचे सहकारी त्रिपाठीजी पुढच्या आठवड्यात घेणार होते.

त्या सकाळी मी हॉस्पिटलात औषधांच्या वेळा लिहीत होते. भाऊजी दोन दिवस बोलले नव्हते. एकदम त्यांनी पलंगाच्या लोखंडी दांडीवर तळवा सपाट टेकवला आणि स्पष्ट म्हणाले, "आता."

सवयीने लिहिलं — ११.४२.

दुपारी त्रिपाठीजी आले. मला बाहेर बोलावलं. "भाभीजी, लॅब आज ही खाली मिल गई, तो टेस्ट कर ली." हातातल्या कागदावर पंखा हादरल्याची वेळ होती. ११.४२.

"और निशान?" मी खुणेचं विचारलं.

"कुछ नहीं मिला. सीधे झटका."

तीन वर्षांचं काम...

आत गेले तर भाऊजी जागे. "त्रिपाठीचा आवाज ना? मिळाली खूण?"

"मिळाली."

"किती आधी?"

"सहा सेकंद."

"मग पुरे," म्हणाले आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी गेले.

माझ्या घड्याळाला सेकंदकाटा नव्हता. त्यांचं "आता" झटक्याच्या आधीचं की नंतरचं, सांगता येत नाही. टेस्ट चालू आहे हे त्यांना कसं कळलं, तेही नाही. आणि ते सहा सेकंद... न मोजता मी कुणाला सांगितलेला तो एकच आकडा.