शकुनच्या घरचं पाणी

"काकू, टीबी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यापुढचं मी काहीच ऐकलं नाही.

त्या बोलत होत्या. बरंच बोलल्या. साकोलीच्या दवाखान्यातल्या त्या खोलीत पंखा कुरकुरत होता, माझा एक्स-रे टेबलावर पडला होता आणि आमचे हे शेजारी बसून मान हलवत होते. मान हलवणाऱ्याला समजतंच असं नाही, हे संसारात मी फार आधी शिकले आहे. पण त्या दिवशी मला तरी कुठे समजत होतं?

हे लिहायला बसले ते माझ्यासारखीच कुणी बाई त्या खुर्चीवर बसणार असेल, तिच्यासाठी. बाई, पुढचं ऐक. खरं कामाचं तेच असतं.

सुरुवात खोकल्याने झाली. रोवणीचे दिवस होते. आम्ही अकराजणींचा गट, वीस-बावीस वर्षांपासूनचा. गुडघाभर चिखलात रांगेने वाकायचं, धानाची रोपं रोवत मागे मागे सरकायचं. रांगेतली प्रत्येकीची जागा ठरलेली. माझ्या डाव्या हाताला शकुन. लग्न होऊन मी एकोडीला आले त्या वर्षीपासून डाव्या हाताला शकुनच.

पाठ वाकलेली असली तरी तोंड मोकळं असतं. गावातली प्रत्येक बातमी मला शकुनकडून कळायची. कुणाचा नवरा साकोलीच्या पेट्रोलपंपावर बायकोला विसरून तसाच गाडी हाकत घरी आला आणि चहा मागायला लागला. कुणाचा मोबाइल धानाच्या बांधीतल्या पाण्यात पडला, तो सुकायला तांदळाच्या कोठीत ठेवला आणि कोठी वाजायला लागली तशी सासू देवघरात जाऊन बसली. शकुन सांगायची, मी हसायचे, हसता हसता खोकायचे.

"दवाखान्यात दाखव व," ती म्हणायची. "पावसाचा खोकला आहे," मी म्हणायचे. पोळा झाला तरी खोकला होताच. संध्याकाळी अंग गरम व्हायचं, झोपेत घामाने उशी ओली व्हायची, ब्लाऊज ढिले झाले. बारीक झाले म्हणून मी मनातून खूश होते, हेही सांगून टाकते.

मग तपासण्या. एक्स-रे. स्प्युटम टेस्ट, म्हणजे सकाळी उठल्या उठल्या खोकून काढलेला बेडका डबीत द्यायचा आणि त्यात टीबीचे जंतू आहेत का ते बघतात. डबी पिशवीत लपवून मी साकोलीला नेली. एसटीत शेजारच्या बाईने विचारलं, पिशवीत काय आहे? मी म्हटलं, लोणचं.

सहा महिने रोज गोळ्या. पहिल्या दिवशी लघवी नारिंगी झाली आणि मी घाबरून बसले. ती गोळीमुळे होते, त्याला भ्यायचं नाही. मळमळ होते, सांधे दुखतात, तेही डॉक्टरांना सांगायचं. गोळी मात्र मनाने बंद करायची नाही. हे सगळं मी नंतर विचारून घेतलं आणि नीट पाळलं.

चूक केली ती दुसरीच. माझ्या माहेरी एका काकांना हा रोग होता. त्यांचं ताट, त्यांचा लोटा कोठ्यात, बैलांजवळ ठेवलेला असायचा. लहानपणी मी रोज ते ताट पायाने सरकवून यायचे. टीबी हा शब्द ऐकल्याबरोबर मला ते ताट दिसलं. घरी आल्यावर मी माझं ताट, माझा लोटा वेगळा केला. कुणी सांगितलं नव्हतं. उलट डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की हा रोग खोकल्यातून, हवेतून पसरतो, भांड्यातून नाही. आणि गोळ्या लागू पडल्या की साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला धोका फारच कमी होतो. पण ते मी त्या दिवशी ऐकलेलंच नव्हतं ना, पुष्कळ नंतर कळलं.

पंधरा दिवसांनी शकुनकडे विळा मागायला गेले. ती आतून पाण्याचा लोटा घेऊन आली. नेहमीप्रमाणे, तोंड लावून प्यायचा, मग उरलेलं ती पिणार. मी हात मागे घेतला.

"काहून व, आज पानी नाई पेत?"

"घरूनच पिऊन आली."

तिने लोटा खाली ठेवला. आमच्याकडे दारी आलेल्या माणसाने पाणी नाकारणं म्हणजे काय, हे तिला कळतं, मलाही कळतं. दुसऱ्या वेळी चहा नाकारला. तिसऱ्या वेळी ती आमच्याकडे आली, तर मी तिला फाटकाबाहेरच उभं ठेवलं, तोंडावर पदर धरून दोन शब्द बोलले आणि काम आहे म्हणून आत गेले. त्यानंतर ती आली नाही.

आठवड्याने चक्कीवर तिचा आवाज ऐकू आला. मी दाराबाहेर होते, तिला दिसले नाही. "पोरगा पुन्याले नोकरीवर लागला तवापासून तिले आमच्या घरचं पानी चालत नाई." गव्हाचा डबा तसाच उचलून मी परत आले. आत जाऊन एक वाक्य बोलले असते तर सगळं मिटलं असतं. पण ते वाक्य मग पूर्ण गावात गेलं असतं.

त्याआधी, गोळ्या सुरू झाल्या त्याच आठवड्यात, गावच्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताई घरी आल्या होत्या. त्यांच्याकडे वही असते. काँटॅक्ट ट्रेसिंग म्हणतात त्याला, म्हणजे रोग्याजवळ बसणारी-उठणारी माणसं शोधून त्यांनाही तपासायचं. आमच्या ह्यांना तपासलं, ते ठीक निघाले.

"आनखी कोन बसते-उठते तुमच्याजवळ? नाव सांगा काकू, मी बाहेर बोलनार नाई."

"कोनी नाई," मी म्हटलं.

पूर्ण पावसाळा जिच्या बंद छपरीत बसून मी तासन्तास खोकले होते, तिचं नाव मी सांगितलं नाही. कारण तिला तपासायला नेलं की तिला कळणार, कशामुळे. आणि मग माझं ताट बैलांजवळ.

धान कापणीला गट गेला, मी घरी. सकाळी गल्लीतून त्या जात, विळ्यांचा आवाज येई, शकुनचं हसणं येई, आणि मी भिंतीला टेकून ऐकत बसे. मग दिवसभर काही नाही. हे सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे, जेवताना "मीठ दे" एवढंच बोलायचे. स्वभावच तसा आहे, माणूस वाईट नाही. मुलाच्या फोनवर मी मजेत असायचे. एकदा मांजर दुधाच्या गंजात डोकं अडकवून घरभर फिरलं. मी खूप हसले आणि लगेच रडायला आलं. सांगणार कुणाला? शेवटी वासराला सांगितलं. त्याने कान हलवला.

दोन महिन्यांनी बेडका पुन्हा तपासला. त्यात जंतू नव्हते. वजन वाढलं होतं. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "काकू, आता लोकांत मिसळा." मी हो म्हटलं आणि घरी येऊन माझा वेगळा लोटा घासून वेगळाच ठेवला.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, रात्री दंडारीचा खेळ होतो, लेकी-जावई येतात, घराघरात चहाचं पातेलं उतरत नाही. कुणी कुणाकडे जाऊ नये असं त्या दिवशी होतच नाही. म्हणून मी ह्यांना बाहेरून कुलूप लावायला सांगितलं. विचारलं तर म्हणा, माहेरी गेली. भर दुपारी, सगळा गाव रस्त्यावर असताना, मी स्वतःच्या घरात कैद होऊन मुरमुरे खात बसले होते.

कुणीतरी फाटक उघडलं. पावलं ओळखीची होती. दाराशी येऊन थांबली. कुलूप एकदा हलवलं गेलं.

"गेली वाटते," शकुन स्वतःशीच म्हणाली. आणि खोकली.

एकदा नाही. खूप वेळ, भिंतीचा आधार घेऊन खोकावं तशी. तो खोकला मला नवा नव्हता. कोरडा सुरू होणारा, मग तळातून काहीतरी ओढून आणणारा. पावसाळाभर तो माझ्याच छातीत होता. तिच्यात आणि माझ्यात दाराची एक फळी होती आणि मी तोंडावर हात दाबून बसले. पावलं गेली.

त्यानंतर मी चार दिवस गप्प बसले. हे लिहायची लाज वाटते, पण लिहिते. चार दिवस मी मनाला सांगत होते, धानाची धूळ असेल.

पाचव्या दिवशी सकाळी गेले. ती अंगणात शेणाचा सडा टाकत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिने बादली खाली ठेवली.

"म्हनजे तू पानी नाई पेली, थे याच्यासाठी?"

"हो."

"अन् फाटकातून परत पाठवलं थे?"

"हो."

"मी रोज आठवून आठवून पाहो, का माह्या कोनत्या बोलन्याचा राग आला हिले. रोज. बिमारी झाली त झाली, पन मले परकी कायले केली व?" आणि ती मोठ्याने रडायला लागली. मीही रडले. शेजारची बाई कुंपणावरून बघत होती. बघू दे म्हटलं.

साकोलीला आम्ही दोघी गेलो. दवाखान्याच्या बाकावर नंबर यायची वाट बघत तीन तास बसलो. ती माझ्याकडे पाठ करून बसली. दोन दिवसांनी रिपोर्ट आला. तिलाही टीबी होता.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "माझ्यामुळेच ना?"

"ते कुणीच सांगू शकत नाही, काकू. लवकर घेऊन आलात, हे चांगलं केलंत."

लवकर! अडीच महिने आधी आशाताईंच्या वहीत एक नाव लिहायचं होतं. तो शब्द अजून मला टोचतो.

शकुनला पहिले पंधरा दिवस मास्क लावून, शक्यतो मोकळ्या हवेत राहायला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून मी रोज जायला लागले. ती छपरीच्या पायरीवर, मी अंगणाच्या टोकाला पाटावर. ती माझ्याकडे बघत नव्हती. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी मास्कच्या आतून म्हणाली, "मुकी बसायले आली का? काई बातमी त सांग."

"मले कुठची बातमी? मी त घरातच होती."

"मंग जा. घेऊन ये."

मी उठले आणि खरंच गेले. किराणा दुकानात गेले, चक्कीवर गेले, तलावाच्या पाळीवर कपडे धुणाऱ्यांत जाऊन बसले. कुणी विचारलं, "बिमार होती म्हनते?" मी म्हटलं, "हो, टीबी. गोळ्या सुरू आहेत, आता बरी आहे." एकजण थोडी सरकून बसली. बाकीच्यांनी कोणत्या दवाखान्यात जाते ते विचारलं, आणि एकीने आपल्या दिराचा खोकला सांगितला. एवढ्यासाठी मी स्वतःला कुलपात ठेवलं होतं.

रोज दोन-तीन बातम्या न्यायचे. आधी मांजराची दिली, ती शिळी होती तरी चालली. शकुन हसली की खोकायची, आणि मी आता दचकत नव्हते. गोळी घेतली का, एवढं विचारायचे.

फाल्गुनात माझ्या गोळ्या संपल्या. तिच्या अजून चालू होत्या, पण तपासणीत जंतू नव्हते, चेहरा भरला होता. शेवटचा कागद घेऊन मी साकोलीहून सरळ तिच्याकडे गेले. ऊन लागलं होतं. तिने कागद उलटसुलट बघितला, तिला वाचता येत नाही, आणि आत गेली. बाहेर आली ती हातात लोटा घेऊन. माझ्यासमोर धरला आणि नुसती बघत उभी राहिली.

मी लोटा तोंडाला लावला आणि तळ दिसेपर्यंत घटाघटा प्यायले.

"हळू पे व," शकुन म्हणाली, "ठसका लागन."