मामांचा तळहात

औषधांच्या प्रयोगशाळेत माझी सारी नोकरी कार्यालयात गेली आणि मदतनीस मामांची शेजारच्या प्राणिगृहात. कॅन्सरच्या औषधांनी नसा किती बधिर होतात, ते तिथे उंदरांवर तपासतात. उंदराला तापवलेल्या प्लेटवर ठेवायचे आणि तो किती सेकंदांत पाय उचलतो ते मोजायचे. उंदीर ठेवण्यापूर्वी मामा प्लेटवर स्वतःचा तळहात टेकवत. तापमानाच्या काट्यावर त्यांचा भरवसा नव्हता.

"मामा, एक दिवस हात भाजून घ्याल," मी म्हणायचो.

"साहेब, काट्याच्या आधी माझ्या हाताला कळतं."

गेल्या वर्षी मामांनाच कॅन्सर निघाला. सहा महिने तसलेच औषध त्यांच्या शिरेतून गेले. बरे होऊन परतले तेव्हा सदऱ्याची बटणे मामी लावून देत. "बालवाडीत पाठवतेय जणू," म्हणून ते हसायचे. हात बधिर झालेत हे त्यांनी मला सांगितले, प्रयोग पाहणाऱ्या मॅडमना मात्र सांगू नका म्हणाले. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. तेवढे त्यांना उंदरांतच काढायचे होते. मीही मॅडमना सांगितले नाही.

एका मंगळवारी मी रजेच्या अर्जावर मॅडमची सही घ्यायला प्राणिगृहात गेलो. मामांनी सवयीने तळहात टेकवला. "ठीक आहे," म्हणाले. मॅडमनी घड्याळ सुरू केले. औषध दिलेले तीन उंदीर एकामागून एक ठेवले. तिघेही ठरलेले सेकंद संपेपर्यंत स्वस्थ बसून राहिले. चौथा औषध न दिलेला होता. पाय टेकताच तो चीं करून उडाला.

मॅडमनी काटा पाहिला. प्लेट बारा अंश जास्त तापली होती.

आधीच्या तिघांचे तळपाय लालभडक झाले होते. मामांनी त्यांना एकेक करून थंड पाण्यात धरले. तेव्हा मॅडमना त्यांच्या तळहातावरचा फोड दिसला.

"मामा, दुखत नाही?"

"नाही. यांनाही नाही."

"कधीपासून?"

"परत आल्यापासून."

मॅडमनी माझ्याकडे पाहिले. मी हातातल्या अर्जाकडे पाहत राहिलो.

कोणी काही म्हणायच्या आत मामा खिशातली प्राणिगृहाची किल्ली चाचपू लागले. बोटांना ती सापडेना. शेवटी मीच काढून टेबलावर ठेवली.

"साहेब, तुमच्या शेजारी एखादी खुर्ची बसेल ना?"

बसली. आता मामा पाकिटांवर शिक्के मारतात. चहा आला की कप आधी माझ्याकडे सरकवतात.

"बघा बरं, पिण्याजोगा झालाय का?"

मी बोट लावून सांगतो.