दुसऱ्या आवाजाचं नाव

मेहकरहून सुलतानपूरला जाताना एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. साठीचा असेल. हेडफोन काढायचा, शर्टाला पुसायचा, पुन्हा कानांवर चढवायचा. मी पाहतोय हे लक्षात आल्यावर त्याने तो माझ्याच कानांना लावला. भुलाबाईचं गाणं होतं. दोन बायका गात होत्या.

"माह्या कंपनीची कॅसेट आहे," तो म्हणाला.

कंपनी म्हणजे घरातली एक खोली. कॅसेटी गेल्या तशी तीही बंद पडली. आता त्याची लेक ही गाणी इंटरनेटवरच्या दुकानांत ठेवणार होती. जर्मनीतला, जपानमधला माणूसही ती विकत घेऊन फोनमध्ये उतरवू शकणार होता.

"पण या दुसऱ्या आवाजवालीचं नाव तवा सासरच्याइनं छापू देलं नाही. तिलेच इचाराले जाऊन राह्यलो. फोनवर येतो एवढंच सांगतलं; हे फोनवर इचारासारखी गोष्ट नाही."

"आणि ती नाही म्हणाली तर?"

"तं हे गाणं नाही जाणार. बिननावाचं आता नाही पाठवत."

सुलतानपूरच्या स्टँडवर ती बाई सुनेबरोबर उभी होती. त्याने हेडफोन तिच्या हातात दिला. ती डोळे मिटून ऐकत राहिली, हळूहळू तिचे ओठ हलू लागले. मला घाई होती, पण पाय निघेना.

"बाई, नाव लिहू का?"

तिने सुनेकडे पाहिलं.

"सांगा ना, आत्याबाई," सून म्हणाली.

"लिहा," ती म्हणाली. "पुरं लिहा. अन् माहेरचं लिहा. गाणं मी तिकडूनच आणलं."