विलासचा खुलासा मी लिहिला

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आमच्या घरात गोष्टी सांगणारा मी – बारसं असो की लग्न, जेवणं आटोपली की माना माझ्याकडे वळतात. माझ्या प्रत्येक गोष्टीत मूर्ख मीच असतो आणि भाच्यांना नेमकं तेच आवडतं. या गोष्टीत मी मूर्ख नाही. म्हणून ती राहून गेली.

धंदा आधी सांगतो. महापालिकेच्या बागांमधले झोके, घसरगुंड्या, बाकं दुरुस्त करायची. एक व्हॅन, एक वेल्डिंग मशीन आणि लेटरहेडवर ‘गव्हर्न्मेंट कॉन्ट्रॅक्टर’ – वाचणाऱ्याला वाटावं, खडकवासल्याचं धरण यानंच बांधलं. माझा साडू विलास हेच काम करायचा. कोथरूडच्या अर्ध्या बागा माझ्या, अर्ध्या त्याच्या. त्याला या धंद्यात मीच आणलं. एवढं मी चारचौघांत नेहमी सांगतो.

मग काटकसर आली. काटकसर म्हणजे काय, माहीत आहे? साहेबांचा एसी चालू राहतो आणि झोक्याचा लोखंडी आकडा मंजूर होत नाही. आधी सुटे भाग बंद झाले. नंतर कनिष्ठ अभियंत्यानं आम्हा दोघांना बोलावलं आणि बसा न म्हणता सांगितलं – “पुढच्या वर्षी सगळ्या बागा एकालाच. ज्याच्यावर तक्रार नाही, त्याला.” तक्रार दोघांवरही नव्हती. जिना उतरताना विलास म्हणाला, “दादा, तुम्हालाच मिळू दे. मी तुमच्या हाताखाली येतो, काय बिघडतंय?”

मला वाटलं, नाटक करतोय. का वाटलं? कारण त्याच्या जागी मी असतो, तर ते नाटकच असतं.

दोन दिवसांनी मी त्याच्या एका बागेत गेलो. फिरायला – असं मी स्वतःलाच सांगितलं. आयुष्यात कधी फिरायला न गेलेला माणूस मी, डॉक्टरांनी हात टेकलेत. तिथं एका झोक्याचा वरचा आकडा झिजून पार पातळ झालेला. विलासनं तो झोका तारेनं खांबाला बांधून ठेवला होता, कुणी बसू नये म्हणून. ती तार कुणीतरी सोडून खाली टाकलेली. मी काय करायला हवं होतं? तार उचलून पुन्हा बांधायची. अर्ध्या मिनिटाचं काम. मी मोबाइल काढला. आणि तार फोटोत येऊ नये म्हणून – तिच्यावर पाय ठेवला.

फोटोखाली निनावी तक्रार लिहिली. ‘एक त्रस्त आजोबा’. मला नातवंडं नाहीत. पण आजोबा असे उतरले की लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. पाहणीला माणूस यायला तीन दिवस लागले. ते तीन दिवस मुलं त्या झोक्यावर बसत होती. कुणी पडलं नाही. त्यात माझं काही कर्तृत्व नाही.

इथवर तुम्ही मला फार तर नीच म्हणाल. थांबा – सांगायचं आहे ते हे नाहीच.

विलासला नोटीस आली, आठ दिवसांत खुलासा द्या. आणि ती घेऊन तो कुणाकडे आला? माझ्याकडे. आमच्या सगळ्या नातेवाइकांत कुणालाही अर्ज लिहायचा असला की मीच लिहितो. सोसायटी, शाळा, वीज – माझ्या भाषेचा दरारा आहे. “दादा, तुम्ही लिहिलंत की साहेब गप्पच बसतील,” म्हणाला. सोबत त्यानं एक कागद दिला. नवा आकडा मिळावा म्हणून त्यानं महिन्यापूर्वी दिलेल्या अर्जाची पोच. वर ठसठशीत आवक शिक्का, आणि समासात साहेबांचा शेरा – निधी नाही.

तो एक कागद जोडला असता तर विलास सुटला असता. अडकले असते साहेब.

मी लिहिलं – ‘सदर दुरुस्ती माझ्याकडून अनवधानाने राहून गेली. क्षमस्व.’ विलासनं न वाचता सही केली. “तुम्ही लिहिलंय म्हटल्यावर वाचायचं काय?” पोच मी जोडली नाही. जोडतो म्हणालो होतो.

काम मला मिळालं. विलासनं व्हॅन विकली. आता नऱ्ह्याला दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये खिडक्यांच्या जाळ्या जोडतो. घरच्या कार्यात भेटला की सगळ्यांना सांगतो, “दादांनी माझ्यासाठी एवढा खुलासा लिहिला, पण माझंच नशीब खोटं.” मेव्हणी मला आग्रहानं वाढते. आणि मला – खरं सांगतो – त्याचा राग येतो. चीड येते. या माणसाला कधी संशयसुद्धा येऊ नये?

परवा त्याच बागेतल्या दुसऱ्या झोक्याचा आकडा झिजलेला दिसला. मी अर्ज केला. पोचेवर शेरा – निधी नाही. झोका तारेनं खांबाला बांधून आलो. घरी येऊन पोच ठेवायला टेबलाचा खण उघडला. वरच विलासचा कागद होता. शिक्का अजून स्पष्ट वाचता येतो.

माझा कागद त्याच्यावर ठेवला आणि खणाला कुलूप लावलं.