वसंतभाऊंनी झाकलेली चूक

वसंतभाऊ गेले तेव्हा मी गच्चीवर टोमॅटो तोडत होते. मधल्या भिंतीपलीकडून त्यांच्या पत्नी शांताबाईंची हाक आली आणि त्या आवाजावरूनच मला कळलं. हातातली टोपली तिथेच टाकून धावले... पण ते केव्हाच शांत झाले होते. आज दीड महिना झाला. त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिहायला बसले, पण खरं सांगायचं तर मला त्यांचा भयंकर राग आलाय.

खामगावात आमच्या गच्च्या एकमेकींना लागून. ते कापसाच्या जिनिंग कारखान्यातले निवृत्त फिटर, मी शाळेतली निवृत्त विज्ञान शिक्षिका. बिनमातीची भाजी करायची टूम माझी, हात त्यांचे. रंगाच्या रिकाम्या बादल्या आणून त्यांनी झाकणांना भोकं पाडली, उजेड आत जाऊ नये म्हणून बाहेरून काळा रंग दिला. भोकात जाळीचा पेला, पेल्यात नारळाचा काथ्या, त्यात रोप आणि खाली खताचं पाणी. बस्स. "मॅडम, मातीबिगर झाड जगते, हे माह्या बापाले सांगतलं असतं तं त्यानं मले येड्यात काढलं असतं," असं म्हणून ते खदखदा हसायचे. पहिल्या पालकाची भाजी आम्ही दोन्ही घरांनी मिळून खाल्ली. त्या चवीची याद अजून आहे.

खताच्या पुड्या दोन असतात. दोन्ही वेगवेगळ्या विरघळवायच्या आणि बादलीभर पाण्यात एकेक करून टाकायच्या. मी शहाणी. रोजची कटकट नको म्हणून दोन्ही एकाच कॅनमध्ये घट्ट कालवून ठेवत असे. माझी झाडं तरारलेली होती, मग मला कोण चूक म्हणणार? बघता बघता माझं नाव झालं आणि वडनेर भोलजीच्या बचत गटानं मला शिकवायला बोलावलं. वसंतभाऊ बादल्या घेऊन सोबत आले. मी तिथल्या बायांना माझीच कॅनची युक्ती शिकवली.

ते गेल्यावर तीन आठवड्यांत माझी कोवळी पानं आखडली, टोमॅटो बुडाशी काळे पडले. शांताबाईंना दाखवायला नेले, तर त्यांनी पदर तोंडाला लावला.

"तुमच्या बादल्याईतलं पाणी तेच बदलत होते, मॅडम. तुम्ही बाजारात गेल्या का भिंतीवरून उतरत. तुमच्या कॅनमंदी चुन्यावानी साका बसते, झाडाले काईच भेटत नाही म्हणत."

"मग मला काऊन नाही सांगितलं?"

"सायन्सच्या मॅडमले कसं शिकवावं म्हणे. तुम्हाले वाईट वाटलं असतं ना."

चार वर्षं! चार वर्षं हा माणूस माझ्या गच्चीवर चोरपावलांनी येत होता आणि खाली येऊन मलाच म्हणत होता, "मॅडम, तुमच्या हाताले गुण हाये." मी ते खरं मानलं. माझी लाज राखली म्हणून त्यांचे आभार मानायचे? मला नाही जमत. त्यांनी मला माझ्याच घरात खोटं पाडलं.

गेल्या आठवड्यात मी वडनेरला गेले. त्या गटातल्या सुमनच्या अंगणात तिच्या एका काळ्या बादलीत धुणं भिजत होतं, बाकीच्या पालथ्या पडल्या होत्या. खाटेवर बसून मी सगळं सांगितलं, चूक माझी होती म्हणाले.

"माही रोपं सुकली अन् तुम्ही पाहाले आल्या, तवा तुम्ही चार बायाईसमोर म्हटलं होतं, सुमन, तुह्या हाताले गुण नाही. त्या दिवसापासून म्या अंगणात तुळसबी लावली नाही, मॅडम." मग तिनं विचारलं, "ते भाऊ तवा तुमच्या बाजूलेच बसेल होते ना? त्याहिले मालूम होतं?"

होते. माझ्या शेजारीच बसले होते, बशीत चहा ओतून पीत होते... आणि एक शब्द बोलले नाहीत.

"हो," मी म्हणाले, "त्यांना माहीत होतं."

पिशवीतून खताच्या दोन वेगवेगळ्या बाटल्या काढून मी खाटेवर ठेवल्या. सुमननं त्यांच्याकडे पाहिलं, आणि उठून ती धुणं पिळायला बसली.