नाकाखालचं अंतर

माझा वरचा ओठ लांब आहे हे मला चोपन्नाव्या वर्षी कळलं, तेही पट्टी लावून. तोवर लोक म्हणायचे, हिच्या नाकावर राग असतो. जळगावच्या प्लास्टिक सर्जनने नाकापासून ओठाच्या कडेपर्यंत छोटी पट्टी धरली आणि म्हणाले, "ताई, तो नाकावर नाही, नाकाखाली आहे." मला हसू आलं नाही. मी काही विनोद ऐकायला गेले नव्हते.

बावीस वर्षं मी सोन्याच्या दुकानात काउंटरवर उभी आहे. गिऱ्हाइकाच्या गळ्यात हार घालायचा, समोर आरसा धरायचा. पलीकडच्या भिंतीवरही आरसाच आहे, त्यात आपलं थोबाड दिवसभर दिसत राहतं. गाल उतरलेले, जबड्याखाली पिशव्या, ओठाची टोकं खाली. "मावशी, कंटाळल्या का?" असं एखादी नवरी विचारायची तेव्हा मी खरंच कंटाळलेली नसायचे. पण तेही मी सोडून दिलं असतं. आईचं सोडता येईना.

आई धुळ्याला भावाकडे असते. नऊ वर्षांपूर्वी तिचे कान गेले. मशीन आणलं, पण त्यात सारखी फोडणी तडतडते म्हणून ते स्टीलच्या डबीत पडून आहे. समोरच्याच्या ओठांवरून ती बोलणं ओळखते. समोरच्याच्या म्हणजे माझ्या. भावाच्या मिशा ओठावर येतात, वहिनी गॅसकडे तोंड करून बोलते, आणि पाटीवर लिहून दाखवावं तर तिला वाचता येत नाही. त्यामुळे आठवडाभरात तिला सांगायचं जे साचेल ते बठ्ठं, अगदी सगळं, माझ्यासाठी राखून ठेवलेलं. दर रविवारी मी जळगावहून एसटीने एरंडोल, पारोळा करत धुळ्याला जाते, आईसमोर खुर्ची ओढते आणि सगळ्यांचं बोलणं दोन तासांत उरकते. आणि दर रविवारी मी दारात पाय ठेवला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय वं, रागे भरेल शे का?"

रागावलीस का. नऊ वर्षं हेच. मी म्हणायचे, नाही गं आई. मग तोंड असं का? तोंडच तसं आहे माझं. ती मान हलवायची, पण तिला पटलेलं नसायचं. जेवताना पुन्हा विचारायची, निघताना पुन्हा. परतीच्या बसमध्ये माझं डोकं फिरायचं. सुट्टीचा एकच दिवस मिळतो, तो तुझ्यासाठी घालवायचा, आणि वर तूच विचारतेस रागावलीस का म्हणून. शेवटी ठरवलं, तोंडच बदलून टाकू. हिला एकदा हसरं तोंड दाखवलं की प्रश्न मिटला.

डॉक्टर माणूस सरळ होता. नुसता फेसलिफ्ट केला तर गाल आणि जबडा वर जातील, पण ओठाचा मधला भाग त्यात येत नाही, म्हणाले. घर रंगवून एक भिंत तशीच सोडावी तसं होतं, मग तीच डोळ्यात भरते. म्हणून नाकाखालची कातड्याची बारीक पट्टी काढून ओठही वर घ्यायचा. टाके नाकाच्या कडेला लपतात. दोन्ही एकदम केलं तर भूल एकदा, सूज एकदा, रजाही एकदाच. रजा एकदाच म्हटल्यावर मी सही केली.

त्यांनी पुढचंही सांगितलं होतं. काही आठवडे ओठ ताठ राहील, बधिरपणा त्याहून जास्त टिकेल, प-ब-म म्हणताना ओठ नीट मिटायचे नाहीत. मी म्हटलं, चालेल, मला कुठे भाषण ठोकायचंय. फॉर्मवर मधुमेह विचारला होता, बीपी विचारलं होतं, तंबाखू खाता का तेही होतं. तुमचे ओठ वाचणारं घरी कोणी आहे का, हे नव्हतं. मलाही सुचलं नाही. मास्कच्या दिवसांत हेच झालं होतं, मी अंगणात लांब उभी राहून मास्क खाली ओढायचे तेव्हा कुठे आईला कळायचं. एवढं भोगूनही मला अक्कल आली नाही.

आईला थाप मारली की दुकानाचं सुरतेला प्रदर्शन आहे, महिना-दीड महिना जमणार नाही. ती माझ्या ओठांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "रागे भरेल शे का?"

काम चांगलं झालं, हे कबूल करते. दहा-बारा दिवस डोकं पट्टीत आणि तोंड सुजून भोपळा, पेज आणि वरण यांवर दिवस काढले. मग सूज ओसरली तशी आरशात एक बरी बाई दिसायला लागली. दुकानात मी मावशीची ताई झाले. ओठ मात्र दुसऱ्याचा लावल्यासारखा ताठ होता. तो सुटेल, घाई करू नका, असं डॉक्टर म्हणत होते.

सातव्या रविवारी धुळ्याला निघाले. बस पारोळ्याला बंद पडली, दुसरी मिळेपर्यंत दीड तास गेला. दारात वहिनी म्हणाली, "अक्का, बारीक झाल्या का?" आई पलंगावर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि काही विचारलं नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. ते अर्धा मिनिट टिकलं.

उशीर का झाला ते सांगायला मी म्हटलं, "बस बंद पडली, पारोळ्याला." आईचा चेहरा पांढरा झाला. "कोन मरनं?"

कोणी मेलं नाही, बस बंद पडली. सावकाश म्हटलं. मोठ्याने म्हटलं. ओठ मिटायला गेले तर नाकाखाली ओढ बसायची. आईने नातेवाइकांची नावं घ्यायला सुरुवात केली, हा गेला का, ती गेली का, आणि डोळे पुसायला लागली. मी हाताने स्टेअरिंग फिरवून दाखवलं तर तिला वाटलं अपघात झाला. वहिनी हसली. मी तिच्यावर खेकसले, हसायला काय झालं? ती म्हणाली, "अक्का, तुम्ही नव्हत्या तर दीड महिना त्या कोणाशी बोलल्याच नाहीत. आम्ही हातवारे करायचो, त्या नुसती मान हलवायच्या."

दीड महिना. आईची म्हणून तीन माणसं, आणि एकाला मिशी कापता आली नाही, दुसरीला तोंड वळवता आलं नाही. आणि तिसरी मी, ओठ शिवून जळगावात बसलेली. माझा तोल गेला. खुर्ची मागे ढकलली, पिशवी उचलली, जे तोंडाला येईल ते बोलले. नऊ वर्षं सगळं मीच का करायचं, माझा एक रविवार माझा का नाही, कोणाला माझी कदर आहे का. आई माझ्या ओठांकडे बघत होती, पण एक शब्दही तिला लागत नव्हता. "तू बोली रायनी, का नुसतं तोंड हालाडी रायनी?"

मग तिने मला जवळ ओढलं. हनुवटी धरून तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं आणि डावीउजवीकडे फिरवून बघितलं, काहीतरी हरवलेलं शोधावं तसं.

"पहिले तू नही म्हने," ती म्हणाली, "पन तुन्हं तोंड हाव म्हने. आते माले कोन सांगी?"

मी रागावलेलीच होते. नऊ वर्षं, दर रविवारी. भावावर, वहिनीवर, त्या बसवर, आणि सगळ्यात जास्त तिच्या कानांवर. माझं तोंड हो म्हणायचं, ते तिला दारातच दिसायचं, आणि मी शब्दांनी नाही म्हणायचे. तेवढं एक खरं तिला माझ्याकडून मिळत होतं, ते मी कापून टाकून आले होते.

पिशवी खाली ठेवली. खुर्ची परत ओढली. आईने अंदाजाने विचारलं, "रागे भरेल शे का?"

मी मान हलवली. हो.

"मंग बठ," ती म्हणाली आणि माझा हात हातात घेतला.