बायकांची गुलाबी पानं

नवऱ्याच्या जपानी साहेबांकडे कराओकेचं एक यंत्र होतं आणि त्याच्यासोबत गाण्यांच्या यादीचं विटेएवढं जाड पुस्तक. पुरुषांची गाणी पांढऱ्या पानांवर, बायकांची गुलाबी पानांवर. पार्टीत बायकांनी गुलाबीतलंच म्हणायचं. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. हळदीकुंकवाला कुणाला बोलवायचं नाही, हे तरी कुठे लिहिलेलं असतं? आपल्याला बरोबर कळतं.

हे रेडमंडमधलं, दोन हजार चारच्या हिवाळ्यातलं. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला पुरेसं वय. आली नव्हती. नागपूरच्या एका शाळेत चौदा वर्षं गाणं शिकवलेलं, माइकशिवाय अख्खं पटांगण गप्प करणारा आवाज, आणि अमेरिकेत मी नवऱ्याच्या व्हिसाला शेपटासारखी चिकटलेली. त्याने नोकरी करायची, मला करायला बंदी. ग्रीन कार्ड आलं की मला पुन्हा शिकवता येणार होतं. तीन वर्षं मी त्या एका गोष्टीवर जगत होते.

एका संध्याकाळी नवरा बूट काढता काढता म्हणाला, "अगं, साहेबांकडे न्यू इयरची पार्टी आहे. बायकांनी जपानी गाणं म्हटलं की त्यांना फार आवडतं."

"मग मी काय करू?"

"काही नाही. ग्रीन कार्डच्या कागदावर त्यांची सही लागते, एवढंच."

एवढंच पुरलं. पुढे त्याला एक शब्द बोलावा लागला नाही.

साहेबांच्या बायकोने मला शिकवायचं कबूल केलं. तिला मी मनात साहेबीण म्हणायचे. मला गाडी येत नव्हती, म्हणून दर बुधवारी दुपारी दोन बस बदलून, पावसात भिजत तिच्या घरी. ती शब्द सावकाश म्हणायची, मी देवनागरीत उतरवून घ्यायचे. जपानी शब्द देवनागरीत असे चपखल बसायचे की मला कोण अभिमान! गधडीने वहीच्या पहिल्या पानावर वेलबुट्टीसुद्धा काढली होती.

शब्द सोपे होते. आवाज अवघड. मी तोंड उघडलं की साहेबीण अंगठा आणि बोट चिमटीसारखं जवळ आणायची. "स्मॉल. स्मॉल व्हॉइस." माइक दोन्ही हातांत धरायचा, मान जरा कलती. ओळीच्या शेवटी मी एक सुरेख मींड घेतली तर म्हणाली, "नो, नो. इथे रडायचं. पण थोडंसं."

घरी भांडी घासताना माझा रियाज चालायचा. सातवीतली मुलगी जपानी कार्टून बघून चार शब्द शिकली होती. ती एकदा टेबलावरून ओरडली, "आई, व्हाय आर यू सेइंग सॉरी सो मेनी टाइम्स?"

पुढच्या बुधवारी मी साहेबिणीला गाण्याचा अर्थ विचारला. तिने खिडकीबाहेर बघत मोडक्या इंग्रजीत सांगितला. गाण्यातली बाई म्हणते, तू उशिरा आलास आणि माझा डोळा लागला, सॉरी. सूप गार झालं, सॉरी. तू दुसरीकडे निघालास, मी तुला आवडू शकले नाही, सॉरी. मी वाट बघेन.

"आणि तो काय म्हणतो?"

"ही गोज टु ओसाका."

"हे बायका पार्टीत म्हणतात?"

"व्हेरी पॉप्युलर," ती म्हणाली. हसली नाही.

मला संताप आला. खरंच आला. आणि त्या संतापाचं मी काय केलं? घडी घालून पर्समध्ये ठेवला, दोन बस बदलून घरी आले आणि शेवटच्या ओळीतलं थोडंसं रडणं पक्कं केलं.

पार्टी रविवारी दुपारी होती. मी मोज्यांत उभी राहून, दोन्ही हातांत माइक धरून, अकरा वेळा सॉरी म्हणाले. एकही सूर हलला नाही. साहेब उभे राहून टाळ्या वाजवत नवऱ्याला म्हणाले, "युअर वाइफ इज लाइक अ रिअल जॅपनीज वाइफ!" नवरा पुरीसारखा फुगला. आणि मी वाकले. कमरेतून वाकले! अजूनही आठवलं की त्या वाकलेल्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

मग साहेबांनी बायकोला हाक मारली आणि गुलाबी पान उघडून तिच्यापुढे धरलं. तिने पुस्तकाकडे बघितलंही नाही. रिमोटवर पाठ असलेला नंबर दाबला. समुद्रावर निघालेल्या कोळ्यांचं गाणं, पांढऱ्या पानावरचं. पाय फाकवून उभी राहिली, माइक एका हातात, आणि ओल्या दोराने होडी ओढावी तसा पोटातून आवाज काढला. सहा बुधवार माझा आवाज चिमटीत धरणारी हीच बाई! साहेबांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्यामागचा माणूस उठून गेला.

गाणं संपलं. कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने सरळ माझ्याकडे बघितलं.

आणि मी नवऱ्याकडे बघितलं. वाजवू का, विचारायला. त्याने मान जराशी हलवली, नको. माझे हात मांडीवरच राहिले.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "आता करतील ना सही?"

"कसली सही?"

"ग्रीन कार्डच्या कागदावर."

"ती तर मार्चमध्येच झाली की."

वायपर इकडून तिकडे जात राहिले. "मग मला का तसं सांगितलंत?"

"नाहीतर तू गेली असतीस का शिकायला? आणि झालं की छान. एवढं चिडायला काय झालं?"

यावर मी काहीतरी जळजळीत बोलले, असं मी नातीला सांगते. धडधडीत खोटं. मी म्हणाले, "सॉरी." बारावं.

त्या रात्री झोप नाही. नवऱ्याचा राग होताच, पण तो सोपा होता. त्याने खोटं सांगितलं म्हणून मी गायले, हे एक वेळ मान्य. टाळ्या न वाजवायला मला कुणी कुठली सही दाखवली होती?

बुधवारी पुन्हा दोन बस. साहेबिणीने दार उघडलं.

"मी टाळ्या वाजवल्या नाहीत," मी म्हणाले.

"यू लुक्ड ॲट हजबंड."

"हो."

आणि तिथेच, ओल्या कोटात, दारात उभी राहून मी टाळ्या वाजवल्या. एकटीने, तळहात लाल होईपर्यंत. पुरे, असं ती म्हणाली नाही. माझं संपेपर्यंत थांबली. मग आत जाऊन ते पुस्तक घेऊन आली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून माझ्यासमोर उभी राहिली. गुलाबी पानं मी फाडली. तिने फक्त पुस्तक धरलं होतं.

त्यातलं एक पान मी त्या दिवाळीला चकलीच्या डब्याच्या तळाशी अंथरलं. तेलाने आरपार दिसायला लागलं.

पुढच्या न्यू इयरला साहेब पुस्तक उलटसुलट करत होते. "बायकांची पानं कुठे गेली?" साहेबीण शांतपणे सूप ढवळत होती. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. उठले, माइक एका हातात घेतला आणि नंबर दाबला. तो मला पाठ होता.